तीन गावं, पावशेर तूरडाळ आणि दोनशे बारा रुपये

बोईसरला नोकरी लागली आहे, पगार इतका इतका, त्यात नीट राहता येईल का, असं गेल्या आठवड्यात एका वाचक मुलीने मला विचारलं. तिने कळवलेला आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला, तेव्हा आजच्या भावांबद्दल मी काही बोलत नाही. पण साठच्या दशकात नेमका हाच प्रश्न घेऊन मी आणि माझा नवरा त्या पट्ट्यात तीन दिवस हिंडलो होतो. तो प्रवास सांगते. तिने त्यातलं हवं ते घ्यावं.

मी तेव्हा लालबागच्या एका शाळेत बदली शिक्षिका होते आणि संध्याकाळी कामगारांच्या सभांमध्ये बोलायचे. पगार म्हणजे नुसती पोट भरायची सोय नव्हे, त्यात वर्तमानपत्र, पुस्तक, आजारपण आणि रविवार बसला पाहिजे, हे माझं ठरलेलं भाषण. त्याला टाळ्या हमखास मिळत. सभा संपली की मी एका खोलीत परतायचे. तिच्यात आम्ही दोघं, माझे दीर, जाऊ आणि त्यांची चार मुलं राहायचो. आमची सहा वर्षांची मीना त्या खोलीत मावली नाही. दोन वर्षं ती साताऱ्याला माझ्या बहिणीकडे होती. आदल्या दिवाळीला मी गेले तर मीना ताटलीत ठेवून पाण्याचा पेला घेऊन आली. पुढे केला आणि बाजूला उभी राहून म्हणाली, "आणखी हवंय का?" पाहुण्यांशी कसं वागायचं हे बहिणीने तिला उत्तम शिकवलं होतं.

मे महिन्यात पत्र आलं. तारापूरजवळ वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, वस्ती वाढत होती, बोईसरला नवी शाळा निघत होती. पगार सगळं धरून हातात दोनशे बारा. आठ दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा. माझा नवरा दत्ता छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तिकडे गेलो तर त्याची नोकरी सुटणार. नवी मिळेपर्यंत दोनशे बारात तीन माणसं. मीनाला आणता येईल की नाही, एवढंच खरं तर ठरवायचं होतं.

मी वही घेतली. दत्ताने पावशेर तूरडाळ, एक पातेलं आणि वातीचा स्टो घेतला. तो लहानपणी एका खाणावळीत वाढला होता आणि आमच्याकडे स्वयंपाक तोच करायचा. गाव बदललं की आधी तिथल्या पाण्यात डाळ शिजवून बघायची, हे त्याला तिथल्या आचाऱ्याने शिकवलेलं.

"डाळ शिजत नसेल तिथे रॉकेल जास्त लागतं, साबण जास्त लागतो आणि बायकोच्या शिव्या जास्त," तो म्हणाला.

"स्वयंपाक तू करतोस."

"मग माझ्या शिव्या. पण बघायचं तर मे महिन्यातच. विहीर आता गोड असेल तर बारा महिने गोड."

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. तिसऱ्या वर्गाचं तिकीट माणशी अडीच रुपयांच्या आत होतं. विरारच्या पुढे डब्यात जागाच जागा. वैतरणेच्या पुलावरून खाडी दिसली, मग मिठागरांच्या पांढऱ्या राशी. सफाळ्याला भाताची कापलेली शेतं उन्हात पडली होती. केळवे रोडला एक बाई शहाळी घेऊन चढली. पंचवीस पैशांना एक दिलं आणि मलई खाईपर्यंत समोर बसून राहिली.

पहिला मुक्काम पालघर. तालुक्याचं गाव म्हणून कचेरी, दवाखाना, दुकानं, सगळं हाताशी. खाणावळीत ऐंशी पैशांत पोटभर जेवण, वर ताक. स्टेशनजवळ दोन खोल्या चाळीस रुपयांना मिळत होत्या. दत्ताने घरमालकाच्या ओट्यावर स्टो पेटवला. घरमालक चकित होऊन बघत राहिला, पण अर्ध्या तासात डाळ लोण्यासारखी झाली. एका लहान छापखान्याच्या मालकाने दत्ताला पावसाळ्यानंतर येऊन भेटायलाही सांगितलं. मी वहीत बरोबरची खूण केली आणि स्टेशनवर वेळापत्रक बघायला गेले. तिथे ती खूण खोडली. बोईसर एवढं जवळ, पण शाळेच्या वेळेला जुळणारी गाडी नाही. सकाळी फार लवकर निघायचं, परतायला दिवेलागण उलटून जाणार.

"मुलीला साताऱ्याहून आणायचं आणि तोंड दाखवायचं रविवारी?" मी म्हणाले.

"डाळ मात्र चांगली होती," दत्ता हळहळला.

दुसऱ्या दिवशी बोईसरला उतरलो. पालघरच्या मानाने तेव्हाचं बोईसर म्हणजे अर्धं गाव आणि अर्धी खोदाई. ट्रकांची धूळ, सिमेंटच्या गोण्या, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी. चहा दहा पैसे, कपभर आणि कडक. शाळेची इमारत पाहिली. भिंती होत्या, छप्पर जूनपर्यंत होईल असं गवंडी म्हणाला. तिथून सरावली चालत जाण्यासारखी. बांधकामावरच्या लोकांसाठी एका ठेकेदाराने तिथे पत्र्याच्या नव्या चाळी बांधल्या होत्या. दोन खोल्या बत्तीस रुपये.

त्याचा मुनीम आम्हाला फिरवत होता. "बहनजी, मकान देखिए, हवा देखिए. पानी की तो कोई कमी नहीं."

कमी नव्हतीच. चाळीमागची विहीर भरलेली होती. दत्ताने अंगणात स्टो मांडला, डाळ चढवली. अर्धा तास झाला, तास झाला. डाळीचे दाणे पातेल्यात खडखडत राहिले. विहिरीपाशी बसलेल्या बायका आधी लांबून बघत होत्या, मग जवळ आल्या. जव्हारकडून कामाला आलेली एक पोक्त बाई, जानकी, वाकून पातेल्यात डोकावली.

"आमी डाळ नाय शिजवत हितं," ती म्हणाली. "सुकी मासली भाजतो नि भात. भात बी कडकच होतो."

"आणि प्यायला?"

"गाडीवाला येतो गोडं पाणी घेऊन. दोन हंडं दहा पैसं. एक दिस येतो, एक दिस नाय येत."

"गाडी कोणाची?"

तिने मुनीमाकडे नुसतं बघितलं. मला एवढं पुरे होतं. मी तिथल्या दगडावर उभी राहिले. ज्या हाताने मजुरी द्यायची त्याच हाताने पाण्याचे पैसे परत काढून घ्यायचे याला लूट म्हणतात, आणि आकड्यातला पगार व हंड्यातला पगार यांत केवढं अंतर असतं, हे मी पाऊण तास सांगितलं. कामावरून परतणारे पुरुष थांबले. मुनीम दोनदा घाम पुसून निघून गेला. टाळ्या पडल्या. मी खाली उतरले तेव्हा माझा आवाज बसला होता.

जानकी पळीने पातेलं ढवळत होती. "बाय, बोललीस झ्याक," ती म्हणाली. "पण डाळ कच्चीच हाय."

सगळ्या बायका हसल्या. दत्ता तर स्टो विझवता विझवता बसलाच. हसत नव्हते ती फक्त मी, तेही थोडाच वेळ.

"पाणीच बघत फिरतेस तर तारापूरच्या वाडीत जा," जानकी म्हणाली. "हिराकाकीचा रहाट इचार. कोनी बी दावंल. पन ती खवट हाय हां. भाषण नको देऊस तिला."

तिसऱ्या दिवशी सकाळी बोईसरहून एस.टी. पकडली. पस्तीस पैसे तिकीट, रस्ता खडबडीत, पण अर्ध्या वाटेवर वाऱ्याला समुद्राचा वास लागतो आणि धूळ मागे राहते. तारापूरला किल्ल्याची तटबंदी, खाडीत होड्या, पलीकडे चिंचणी. वाड्यांतल्या नारळ-सुपारीच्या गर्द सावलीतून वाट काढत आम्ही हिराकाकीच्या दारात पोचलो.

पन्नाशीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वाडी स्वतः कसायची. त्या वेळी ती रहाटाचा बैल हाकत होती. लाकडी चाकावरची मडकी भरून वर यायची, पन्हळीत रिती व्हायची आणि पाणी पाटाने सुपारीच्या मुळाशी पळायचं. मागच्या दोन खोल्या आणि पडवी ती तीस रुपयांना देणार होती. दत्ताने विचारून स्टो पेटवला. ती बैल थांबवून बघत राहिली.

"विमल, मीठ कुठे ठेवलंस?" दत्ताने मला विचारलं.

"तुझ्याच पिशवीत आहे, दत्ता."

हिराकाकी माझ्याकडे वळली. "नवऱ्याला नावानं हाक मारतेस नि रांधायला बी त्यालाच लावतेस?"

"तो माझ्यापेक्षा चांगला रांधतो."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि तो विषय संपला.

वीस मिनिटांत डाळ शिजली. तिने द्रोण पुढे केला, चव घेतली, मीठ कमी असल्याचं सांगितलं. मी वही उघडून बेरीज मांडत होते. भाडं तीस, एस.टी. साडेसतरा, किराणा-दूध-मासळी पंचाण्णव, रॉकेल-लाकूड बारा, औषध-कपडा वीस, वर्तमानपत्र आणि पुस्तक दहा. सत्तावीस रुपये उरत होते. शाळेपर्यंतचा रोजचा एस.टी.चा हेलपाटा सोडला तर सगळं बसत होतं. तरी मी वक्ता माणूस, विचारल्याशिवाय राहवेना.

"काकी, एवढं गोड पाणी आहे. सरावलीत लोक खारं पितात. इंजिन बसवून देत का नाही?"

"ठेकेदार आलेला, इंजिन घेऊन. पैसं बी दाखवलंन." तिने विहिरीकडे बोट केलं. "समुद्र हाय शेजारी. गोडं वर तरंगतं, खारं खाली निजलेलं. बैल हळू खेचतो म्हणून खारं जागं नाय होत. इंजिन लावलं तर चार महिने सरावली पिणार, मग ती बी खारं पिणार नि मी बी. म्हणून मी मोजून देते. माणशी दोन हंडे. घरात माणसं किती तुमची?"

"दोन," मी म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे तीन. मुलगी आहे, साताऱ्याला."

"साताऱ्याची मुलगी साताऱ्याचं पाणी पिते. हितं किती?"

"पगारात बसतं का बघून मग आणायचं ठरवतोय."

"ते तुजं तू बघ. मला आकडा सांग. दोन सांगितलेस तर चार हंडे, तीन सांगितलेस तर सहा. मागाहून वाढवून नाय देणार. तुज्या सहावर माजी दोन झाडं कमी भिजणार, ती मला आजच धरायला पायजेत."

शेकडो माणसांसमोर न अडखळणारी मी वहीची पानं चाळू लागले. माझ्या वहीत प्रत्येक ओळीपुढे आकडा होता, पण मीनाच्या नावापुढे दोन वर्षं मी फक्त 'बघू' लिहीत आले होते. एक अनोळखी बाई मात्र माझ्या लेकीसाठी स्वतःची दोन झाडं तहानलेली ठेवायला तयार होती. फक्त मी नक्की आकडा सांगायला हवा होता. दत्ता पातेलं पुसत होता. त्याने मान वर केली नाही, पण हात थांबला.

"तीन," मी म्हणाले.

हिराकाकीने पडवीच्या खांबावर कोळशाने सहा रेघा ओढल्या आणि बैलाला हाक दिली.

परतीच्या गाडीत आम्ही उरलेली डाळ पावाबरोबर खाल्ली. मुंबईत पोचल्यावर मी दोन पत्रं लिहिली, एक शाळेला, एक बहिणीला.

तर वाचक मुली, पगार पुरतो की नाही हे वहीत निम्मंच कळतं. उन्हाळ्यात जा, पाणी चाखून बघ, एखादा पदार्थ तिथे शिजव, चाळीतल्या बायकांना विचार. माझे पहिले महिने ओढाताणीचे गेले. एस.टी. चुकायची, सत्तावीस रुपये कधीच सत्तावीस राहिले नाहीत, दत्ताला पालघरच्या छापखान्यात काम लागेपर्यंत दिवाळी आली. सरावलीच्या पाण्यासाठी मात्र मी जानकीला घेऊन दोन वर्षं अर्ज करत राहिले आणि शेवटी तिथे वेगळी गोड विहीर झाली. त्या कामात भाषणं कमी झाली, खेटे जास्त.

मीना जूनमध्ये आली. हिराकाकीने तिला कोपऱ्यातले दोन हंडे दाखवले. "हे तुजे." मीनाने त्यातलंच पाणी ताटलीत पेला ठेवून मला आणून दिलं आणि बाजूला उभी राहिली. मी प्यायले आणि पेला परत ताटलीत ठेवला. श्रावणापर्यंत हे रोज चाललं. मग एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन अजून चपला काढत होते. मीना पडवीत पालथी पडून चित्र काढत होती. तिने मान वर न करता मला सांगितलं, "आई, पाणी दे ना मला."

मी चपला तशाच ठेवल्या आणि आत गेले.