मासळीच्या वासाची गोणी

शाळेतून निवृत्त झाले आणि राहुरीतल्या घरामागच्या मोकळ्या जागेत शेळ्या-कोंबड्या पाळायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं. आमच्या घराण्यात आजवर पोपटाखेरीज कुणी काही पाळलं नव्हतं. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना अंडी खायला सांगितली होती, तेवढं निमित्त पुरलं. ती अंडी मागच्या ओट्यावर, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात उकडली जात. इतकं सोवळं सांभाळून वर मी स्वतःला पुढारलेली समजत होते!

सहा गावरान कोंबड्या आणि दोन लहान शेळ्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. वर आडव्या बांबूवर कोंबड्या, खाली शेळ्या. दोघींपैकी एक शेळी माझी, दुसरी अर्धलीची. कुंपणापलीकडे राहणाऱ्या, दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या मावशींनी ती पिल्लू असताना माझ्याकडे दिली होती. मी सांभाळायची आणि पहिल्या वेतात होतील ती करडं दोघींनी निम्मी निम्मी घ्यायची, असा तोंडी करार. त्यांची लेक नुकतीच सासर सोडून माहेरी आली होती. "एक करडू तिच्या नावाचं, बाई," मावशी म्हणायच्या. "तेवढंच तिला आपलं म्हनायला कायतरी व्हईल." शेळी गाभण राहिली तेव्हा ती लेक रोज कुंपणाशी येऊन तिच्या पोटाकडे बघून जायची.

मला सगळं मावशींनीच शिकवलं. पण शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकणं जड जातं. कोंबड्यांच्या खाद्याची गोणी मी शेडमध्येच ठेवायची. ते पाहून त्या प्रत्येक वेळी ओरडायच्या, "बाई, ती गोनी घरात ठिवा. शेळी दान्याला लई हावरी. पोट भरून खाल्लं, तर फुगून मरंल."

घरात? त्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी असते. गोणीचं तोंड उघडलं की वास घरभर. आणि घरात देव. मी म्हटलं, "मावशी, सुतळीनं घट्ट बांधते ना मी." त्या खुरपं उचलून निघाल्या. बाईंपुढे किती बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार.

पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध होतं. पहाटे उठून कोंबड्यांना खाद्य टाकलं, पण सोवळ्याचा स्वयंपाक डोक्यात. गोणीचं तोंड नुसतं दुमडलं. अंघोळ केल्यावर पुन्हा शेडकडे जायचं नव्हतं, म्हणून वैरण मावशींनी कुंपणावरूनच टाकली. दिवसभर मी पितरांना तृप्त करत होते. चार वाजता मागे गेले, तर गोणी आडवी, अर्धीअधिक रिकामी. माझी शेळी लांब उभी. मावशींची शेळी भिंतीला टेकून बसलेली, डावी कूस फुगून टणक झालेली, आणि ती दात खात होती.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी येऊन तेल आणि खायचा सोडा पाजला, इंजेक्शन दिलं. "दाणा पोटात आंबलाय. गाभण आहे, सांगता येत नाही," म्हणाले आणि गेले. सकाळपर्यंत उतरेल, या आशेवर मी मावशींना कळवलंच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं माझ्या मांडीवर मान टाकली. पोटातली करडं पोटातच गेली.

त्याच सकाळी मी आधी काय केलं ते सांगते. सांडलेलं खाद्य झाडून घेतलं आणि गोणी मोरीत नेऊन ठेवली. घरात! वासाचं काही वाटलं नाही. मग मावशींना हाक मारली.

त्या आल्या, शेळीच्या पोटावरून हात फिरवला. "काल मीच कवळं कडवळ टाकलं," म्हणाल्या. "बांधावरचं. गुडघाभर पन नव्हतं. कवळी ज्वारी बाधती हे मला ठावं हाय, तरी घाईघाईत कापून आनलं. त्यानंच ग्येली का हो, बाई?"

माझ्याकडे तेव्हा एक क्षण होता. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईकडे. मी म्हणाले, "असेल."

एवढा एकच शब्द. तो परत घ्यायला मी अनेकदा कुंपणापर्यंत गेले. कधी त्यांची लेक समोर असायची, कधी ह्यांचा चहा राहिलेला असायचा. भित्र्याला कारणांची कधी वाण पडत नाही. माझी उरलेली शेळी त्यांना देऊ केली, तर त्यांनी कानाला हात लावले. उलट आठवड्यानं पदराखाली झाकून एक तलंग घेऊन आल्या, पहिल्या अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी. "अर्धलीचं जनावर माझ्या हातनं ग्येलं. तुमचा निम्मा वाटा बुडला. हे ठिवून घ्या."

मी ती ठेवून घेतली. नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं. तिची अंडी ह्यांना उकडून दिली. आजतागायत मी त्यातलं एकही तोंडात घातलेलं नाही. मी अंडी खात नाही, या सोयीच्या कारणानं.

गेल्या महिन्यात लेकीनं स्वतःच्या मजुरीतून एक शेळी आणली. काळी, लांब कानांची. मी कुंपणाशी उभी राहून कौतुक करत होते. आज सांगून टाकू, असं ठरवूनच आले होते. मावशी बाजूला पायरीवर बसल्या होत्या आणि हिरव्या गवताचा भारा त्यांच्या पायाशी पडला होता. शेळी त्यांच्याकडे तोंड करून ओरडत होती. भारा अगदी हाताशी, पण त्यांनी तो पायानं लेकीकडे सरकवला.

"तूच घाल गं तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला यश न्हाई."

लेकीनं घातलं. मी म्हणाले, "छान आहे हो शेळी," आणि घरात आले.