दारावरच्या पाटीवर काय लिवायचं

थांबा, हे आत्ताच सांगते, नाईतर पाटीचा रंग वाळून जाईन अन् माझं सांगणं तसंच राहून जाईन.

बाबा कोळशाच्या खदानीतून रिटायर झाले. कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही चंद्रपुरात नव्या घरी आलो. आज पेंटर पाटी रंगवाले आला. नाव लिवून झालं अन् त्यानं विचारलं, "भाऊ, खाली काय टाकू?"

बाबा म्हणाले, "खदानवाला."

आई आतूनच बोलली, "काही नाई. सेवानिवृत्त कर्मचारी लिव रे. आजूबाजूले समदे हापिसातले लोक आहेत."

बाबा मागच्या अंगणात जाऊन खाटेवर बसले. मले लय वाईट वाटलं. पूर्ण जिंदगी ज्या कामात गेली, त्याचं नाव स्वतःच्या दारावर नाई?

मी मोबाईलवर शब्दकोश उघडला अन् मोठ्यानं वाचत सुटली. खणणे, त्याच्यातूनच खाण, खनिज. खदानही त्याच घरातला, आपल्याकडं हिंदीतून आला. अन् खाणीत खणणाऱ्याले संस्कृतात जुना शब्द, खनक.

"खनक लिवू काय?" पेंटर खूश.

मी पुढं वाचलं, "खनक म्हणजे उंदीर पण."

आई हसली. "मंग तेच लिव. घरी आले की डबेच उचकतेत."

मागून बाबांचा आवाज आला, "डब्यात काही ठेवत जाय ना पण."

मी म्हटलं, "आई, पण आपण तर यातलं काहीच म्हणत नव्हतो." खरंच नाई. कॉलनीत कोणी विचारलं, भाऊ कुठी? तर आई 'ड्युटीवर' नाई म्हणे. म्हणे, "खाली गेले." समद्याच घरी तसंच. पाळी सुटली, भोंगा वाजला, की बाया एकमेकीले दारातून विचारत, "तुह्ये वर आले का?" बाबांच्या सायकलची घंटी ऐकू आल्याशिवाय आई भात चुलीवर ठेवत नव्हती. मी भुकेनं रडली तरी नाई. मंग बाबा यायचे, आंघोळ झाली तरी डोळ्याच्या कडा काळ्याच, काजळ घातल्यासारख्या. मले ते लय सुंदर दिसत.

आई मोबाईलकडं पाहत उभी राह्यली. मंग पदराले हात पुसत बाहेर गेली.

"पोरा, ते राहू दे. खाणकामगार लिव. मोठ्या अक्षरात."

"बाई, नावापेक्षा मोठं होईन."

"होऊ दे."

बाबा मागून उठून आले, पाटीकडं पाह्यलं. "रंग उगाच जास्ती जाईन," म्हणाले, पण तिथून हलले नाई. आई आत गेली, भात ठेवाले.

आता सांगा, तुमच्या घरी कामावर गेलेल्या माणसाले काय म्हणत? तुमच्याही आईनं असा भात थांबवला होता काय?