लांब फळी की आखूड

काशीत भोसले घाटामागच्या गल्लीत राहणाऱ्या अन्नपूर्णाबाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या आणि महिनाभरातच त्यांनी जाहीर केलं, "मी पुरीला समुद्रात लाटांवर उभी राहायला जाणार."

नवरा श्रीनिवास बँकेतला माणूस. त्याने चष्मा पुसून विचारलं, "बसून नाही का चालणार?"

खूळ डोक्यात घातलं होतं वरच्या खोलीतल्या भाडेकरूने. डॅनियल नावाचा हा ऑस्ट्रेलियन पोरगा पुरीच्या लाटांवर चार महिने खेळून काशीत व्याकरण शिकायला आला आणि पोट बिघडून संधीप्रकरणातच मायदेशी पळाला. जाताना दोन सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या, ठेवून गेला. एक नऊ फुटी: भक्कम, संथ, लहानशी लाटही पकडणारी. दुसरी सहा फुटी: टोकदार, चपळ, आणि येत नसेल त्याला क्षणात पाण्यात टाकणारी. "शिकायचं असेल तर लांब घ्या," असं तो बजावून गेला होता. भुवनेश्वरहून पुरीला येणार होती बाईंची भाची सुमेधा. तिने फोनवर एकच अट घातली, "मावशी, दोन्ही आणायच्या नाहीत हं."

तेव्हा पारखून बघायचं ठरलं. बाई रोज गंगेत पोहणाऱ्या, पाण्याची भीती नव्हतीच. एका सकाळी धूळ लागू नये म्हणून त्यांनी लांब फळी श्रीनिवासच्या पांढऱ्या धोतरात गुंडाळली, पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं, मागचं दिनानाथ नावाड्याच्या, आणि निघाल्या.

गल्लीतले चहा पिणारे उठून उभे राहिले. कुणीतरी "राम नाम सत्य है" पुटपुटलं. एक भला माणूस तर सायकल भिंतीला टेकवून मध्ये खांदा द्यायला आला. चार पावलं चालल्यावर त्याने हळूच विचारलं, "कौन गुजर गया, चाची?"

"अभी कोई नहीं," बाई म्हणाल्या. "कोशिश जारी है।"

बिचारा पुण्य अर्धवट कसं सोडायचं म्हणून पायऱ्यांपर्यंत आला. धोतर सोडल्यावर आतली पिवळीधमक फळी बघून त्याने जे शब्द उच्चारले, ते बाईंनी शाळेत कधी शिकवले नव्हते.

लांब फळीवर बाई मांडी घालून बसल्या. शेजारून मोटरबोट गेली, तिच्या लाटांनी फळी जराशी वर झाली, जराशी खाली आली. बस्स. पाटावर बसल्यासारखंच वाटत होतं. समोर फक्त ताट नव्हतं.

घाटावर संध्या करणारे नरहर गुरुजी ओरडले, "अन्नपूर्णाबाई, गंगामाईच्या अंगावर हे काय अभद्र?"

"गुरुजी, अख्खं शहर तिच्यात काय काय सोडतं. मी फक्त फळी सोडलीय, ती परत उचलून नेणार आहे."

मग दिनानाथ धावत जाऊन आखूड फळी घेऊन आला. बाई तिच्यावर पालथ्या पडल्या तशी ती अर्धी पाण्याखाली गेली. धड बुडेना, धड तरंगेना. दोनदा कलंडली. तिसऱ्यांदा बोटीची लाट आली आणि फळी साबणासारखी सटकली. बाई नाकातोंडात गंगा भरून वर आल्या त्या खो खो हसतच.

"चाची, ई आपके बस का नहीं," दिनानाथ म्हणाला.

"म्हणूनच," बाई मराठीतच म्हणाल्या.

घरी श्रीनिवासने लांब फळीच्या बाजूने शांतपणे मुद्दे मांडले. ते सगळे बरोबर होते, त्यामुळे बाई अधिकच चिडल्या. "अहो, त्या लांब फळीवर मला माझं वय आठवतं. या छोटीवर जीव वाचवण्यातच सगळा वेळ जातो. शिवाय ही बर्थखाली मावते."

या शेवटच्या मुद्द्यापुढे बँकवाला हरला.

पुरीला पहिले तीन दिवस समुद्राने बाईंना धोपटून काढलं. सलवार वाळूने भरायची, कोपरं सोलली. सुमेधा किनाऱ्यावर, आपली या बाईंशी काही ओळखच नाही अशा चेहऱ्याने बसायची. शिकवणारा उडिया तरुण रोज म्हणे, "मॅडम, हमारा लंबा बोर्ड लीजिए." चौथ्या दिवशी सुमेधाच्या डोळ्यांत पाणी बघून बाईंनी त्याची लांब फळी घेतली आणि दुसऱ्याच लाटेवर चक्क उभ्या राहिल्या. सहा-सात सेकंद. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या.

बाई उतरल्या, फळी परत केली. "छान आहे. बाल्कनीत उभं राहिल्यासारखं वाटतं," म्हणाल्या आणि आपली आखूड फळी उचलून पुन्हा पाण्यात शिरल्या. आता उभं राहायचा प्रयत्नच सोडला. पालथ्या पडायच्या, फेसाळ लाट यायची वाट बघायच्या, आणि ती आली की तोंड उघडं टाकून, किंचाळत, थेट वाळूपर्यंत घसरत यायच्या. मासे निवडणाऱ्या कोळणी हातातलं काम टाकून बघत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यातल्या दोघी साडीचा काचा मारून रांगेत उभ्या होत्या.

त्या दिवशी बाईंनी घरी फोन लावला. "अहो, माझं परतीचं तिकीट आठवडाभर पुढे ढकला."

"आणि माझ्या जेवणाचं काय?"

"कुकर ओट्यावर आहे. शिट्ट्या तो स्वतःच वाजवतो."