डावीकडं वळणारी मान

मी एसटीत कंडक्टर. भूम-वाशी ही तासाभराची फेरी माझी नेहमीची. मान डावीकडं ओढायला लागली तेव्हा वाटलं, उशी बदलल्यामुळं असंल. गावातल्या एकाकडून चोळून घेतली, तर दुखणं वाढलं. तिकीट फाडताना समोरच्या माणसाकडं बघावं, तर मान हळूहळू डाव्या खांद्याकडं निघायची. सरळ केली की परत तिकडंच.

एकदा गाडी भरलेली होती. दांडा धरून उभा होतो. डाव्या बाकावरच्या बाई एकदम कडाडल्या, "ओ कंडक्टर, मघापासनं सारखं काय बघताय हिकडं?"

मागची दोन-तीन माणसं उठली. मी मान फिरवली. ती सगळ्यांच्या देखत परत त्या बाईंकडंच वळली. एकानं माझी कॉलर धरली. घाबरून हनुवटीला हात लावला, तशी मान सरळ झाली. ही युक्ती मला अगोदरच सापडली होती.

"बाई, मी बघत न्हाय. मान आपोआप वळतीय. हात काढतो, तुम्हीच बघा."

हात काढला, तशी मान परत त्यांच्याकडं निघाली. बाई बघत राहिल्या. कॉलर सुटली.

"कुणाला दावलं का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग दावा की. लोकांचा मार खाऊन मरताल."

पुढच्याच आठवड्यात बायकोला घेऊन सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिस्टोनिया. मेंदूकडून स्नायूला चुकीचा हुकूम जातो, असं समजावलं. पूर्ण बरं होणार नाही, पण आटोक्यात राहील, हेही स्पष्ट सांगितलं. मानेत इंजेक्शनं दिली आणि व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं पाठवलं.

मॅडमनी बायकोला विचारलं, "जेवताना तुम्ही कुठं बसता?"

"ह्यांच्या डाव्या अंगाला. म्हंजे ह्यांना बघायला सोपं जातं."

"आता उजवीकडं बसा. बोलायचं तेही तिकडूनच."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे आता माझं तोंड बघायला बी व्यायाम लागणार व्हय?"

त्या दुखण्यात मी पहिल्यांदा हसलो.

तेव्हापासून घरात उजवीकडून हाका येतात. सकाळी आरशासमोर मान सावकाश उजवीकडं न्यायची, थांबायचं, परत आणायची. जोर केला की ती जास्त हटून बसते, म्हणून घाई करत नाही. इंजेक्शनाचा असर दोन-अडीच महिने चांगला राहतो. उतरायला लागला की साहेबांना सांगून डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसतो. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

ऊस सुरू झाला की साखर कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरांमागं गाडी रांगते, सारखे ब्रेक लागतात. त्या दिवसांत मान फार छळते. गाडी सुटण्याआधी मी सगळ्यांना सांगून टाकतो, "माझी मान आपोआप वळते, कुणी मनात घेऊ नका." नवे प्रवासी चमकून बघतात. रोजचे नुसतेच सुट्टे पैसे पुढं करतात.