आतली दुसरी रेघ

सगळी गल्ली तिला रिमोटवाली म्हणायची. बंद पडलेले रिमोट, रुसलेले मोबाइल, घसा बसलेले रेडिओ तिच्या टेबलावर यायचे आणि बहुतेक बोलते होऊन जायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. साध्या चाचणीच्या पट्टीवर दर खेपेला तिला पुसटशी दुसरी रेघ दिसायची आणि पट्टी खिडकीशी नेली की नाहीशी व्हायची. म्हणून या वेळी तिने पडदावाली महागडी चाचणी आणली. यात रेघा शोधायच्या नव्हत्या, यंत्रच काय ते शब्दांत सांगणार होतं.

पडद्यावर आलं, ‘गर्भ नाही’.

चाचणीची ती काडी पर्समध्ये टाकून ती आपल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, हात गप्प बसेनात. तिने कवच उघडलं. आत बटणासारखा सेल, चिप, बारीकसा दिवा, शेजारी उजेड मोजणारा सेन्सर आणि समोर तीच ती साधी कागदी पट्टी. कारभार तिच्या लगेच ध्यानात आला. लघवी पट्टीवर चढते, दिवस गेले असतील तर रेघेवर रंग धरतो, रंग धरला की उजेड कमी परततो आणि त्यावरून चिप आपला शब्द काढते.

पट्टीवर दोन रेघा होत्या. खिडकीशी नेली, तरी होत्याच.

सेन्सर कसे दगा देतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा जीव हरखून गेला. संध्याकाळी नवऱ्याला तिने दोन रेघांचं सांगितलं. पडद्यावर काय आलं होतं ते गिळून टाकलं.

नवरा रंगारी, महा अबोल. दुसऱ्याच दिवशी त्याने अडगळीची खोली रिकामी करून भिंती घासायला घेतल्या. घरातच राहणारी नणंद तिच्या हातातली बादली काढून घेऊ लागली. रिमोटवालीला पडद्यावरचे शब्द आठवायचे, पण एवढी माया सोडवेना.

दवाखान्यात रक्त तपासलं. काहीच नव्हतं. तिने उघडलेली काडी पुढे केली, तेव्हा नर्सने तिला जवळ बसवून घेतलं.

“काडी उघडलीत ना? आतल्या रेघा आपण वाचायच्या नसतात. गर्भ नसला तरी कधीकधी दुसरी उमटते. ती किती गडद, ते मोजून यंत्र ठरवतं. त्याने बरोबरच सांगितलं होतं.”

ती घरी आली तेव्हा नवरा स्टुलावर होता, भिंत अर्धी रंगलेली. या खेपेला तिने सगळं सांगितलं.

“यंत्र आधीच नाही म्हणालं होतं?”

“हो.”

“आणि मला तू फक्त रेघा सांगितल्यास.”

तो वळला आणि उरलेली भिंत रंगवू लागला. त्यानंतर कित्येक दिवस तो कामापुरतंच बोलला. नणंद “वहिनी, दोन घास खाऊन घे,” एवढंच रोज म्हणायची. रंग वाळल्यावर ती खोली नणंदेलाच दिली.

मग एकदा नवरा कामावरून परस्पर दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसला.

“सांगितलं असतंस तरी मी आशा धरलीच असती,” तो म्हणाला, “पण दोघांनी मिळून धरली असती.”

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा रडू आलं. त्याने उठून शटर अर्धं ओढलं आणि तिचं रडणं थांबेपर्यंत बाहेर उभा राहिला.