अर्धी वाटी ताडी

आमच्या घराला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की घरात कुलूपच नाही. कधी लागलंच नव्हतं. आई जाऊन चार महिने झाले होते आणि मी तात्यांना मुंबईला न्यायला आले होते. एसटी साडेनऊची, ट्रंक ओट्यावर, आणि तात्या दारात खांबाला धरून उभे. शेवटी पलीकडच्या घरात राहणारा माझा चुलतभाऊ दत्तू मळ्यात पळत गेला आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप काढून घेऊन आला. तेलकट, भलं मोठं. तात्यांनी ते स्वतःच्या हातानं लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "महिनाभराचाच तर प्रश्न आहे." महिनाभरासाठी निघालेला माणूस कुलूप दोनदा ओढून पाहत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी स्वतः ते घर सोडलं होतं नऊ वर्षं आधी, लग्न करून. तेव्हा रडू आलं तरी पोटात कुठेतरी गंमतही होती. मुंबई बघायची होती ना! या वेळी मात्र सगळा रस्ता माझ्या छातीवर धोंडा होता. पोरीनं घर सोडायचं हे ठरलेलंच असतं, पण बापाला घरातून काढून न्यायचं म्हणजे आपणच काहीतरी मोडतोय असं वाटतं.

गावाकडच्या मंडळींनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या जिकडेतिकडे पांगलेल्या पोरींसाठीही. तात्यांविषयी गावात एक गोष्ट बोलली जाते. माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही, पण मी आले की ती थांबते, त्यावरून मला कळतं. ती खरी कशी घडली ते आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ. आमचा बोरिवलीचा ब्लॉक म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि तात्यांची खुर्ची जेमतेम मावेल एवढी गॅलरी. आमचे हे कांदिवलीच्या कारखान्यात, कधी दिवसपाळी कधी दुसरी. मी घरीच असायचे. तात्या सकाळी खुर्चीत बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. ताट पुढे ठेवलं की दोन घास खायचे आणि हात धुवायचे. "घास तोंडात नुसता फिरतो गं शालू," म्हणायचे. दात उरले होते सहा. पण खरं कारण दात नव्हतं, ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. सदरा खुंटीवर लटकावा तसा अंगावर दिसायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आजार काही नाही. पण हे असंच चाललं तर आजाराची गरजही पडणार नाही."

मी काय नाही केलं! भाकरी कुस्करून दुधात, मऊ खिचडी, शेवयांची खीर, पिठलं. ताट परत यायचं. मी मोरीत उभी राहून ते खरकटं काढायचे आणि मला बापाचा रागही यायचा. आई गेली ती काय माझी कुणी नव्हती?

समोरच्या ब्लॉकमध्ये फिलूमावशी राहायच्या. मूळच्या तिथल्याच गावठाणातल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती. मराठी माझ्यापेक्षा फाडफाड. नाताळात त्यांनी ताट पाठवलं, त्यात घरी भाजलेल्या पावाचे जाड काप होते. बेकरीतला पांढरा मैद्याचा नव्हे. गहू दळून आणलेला, कोंड्यासकट, तांबूस. मी तात्यांना एक काप दुधाबरोबर दिला, तोही तात्या नको म्हणणार असं धरूनच. थोड्या वेळानं गॅलरीतून हाक आली, "शालू, अजून आहे का?"

मी ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिले. आई गेल्यापासून त्यांनी "अजून" हा शब्द उच्चारला नव्हता. दुसरा कापही संपवला आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या आंबिलीसारखा वास येतो याला."

मी तशीच निघाले आणि समोरचं दार वाजवलं. फिलूमावशींनी हसत हसत सगळं सांगितलं. चक्कीवरचं ताजं पीठ, मीठ, गूळ, कोमट पाणी. मग कपाटातून एक बाटली काढली. आत दुधाळ, फेसाळ काहीतरी. त्यांचा भाऊ गोराईहून आणून द्यायचा. "ही ताडी. अर्धी वाटी घालायची. हिच्याशिवाय फुगत नाय, बाय. आमची आई असाच करायची."

मी बाटलीला हातही लावला नाही. तुम्हाला कारण सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगायला हवं. तात्या गावात शाळामास्तर होते. त्यांचे धाकटे भाऊ, दत्तूचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा पीत. एका दिवाळीच्या पाडव्याला ते झिंगलेले दारात आले तेव्हा तात्या उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. "या घरात थेंब येणार नाही. थेंब पोटात असलेला माणूसही येणार नाही." अण्णा परत फिरले. त्याच हिवाळ्यात मळ्यातल्या झोपडीत वारले. तात्यांनी दत्तूला घरात आणलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं. पण त्या दाराविषयी ते कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि औषधातसुद्धा दारू नाही ना, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी चमचा तोंडात घातला नाही.

म्हणून आधी मी सोडा घालून पाहिला. पाव कडवट झाला, तात्यांनी ताट सरकवलं. आंबट ताक घालून पाहिलं, वीट झाली. बेकरीतून यीस्ट मागून आणलं. पाव छान फुगला, मी खूश. तात्यांनी अर्धा काप खाल्ला. "आजचा तसा नाही झाला." दुसऱ्या दिवशी तोही नको. त्या आठवड्यात वजन आणखी उतरलं.

मग मी ताडी घातली. फिलूमावशी म्हणाल्या, "ओव्हनमध्ये उडून जाते ती, बाय. राहतो तो वास." ते वाक्य मी इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं.

पहिला पाव तरीही फसला. चक्कीवरून डबा आणला आणि तसाच मळायला घेतला. ताजं दळलेलं पीठ किती गरम असतं हे आपल्याला माहीत असतं, भाकरी-पोळीला त्यानं काही बिघडत नाही. पण त्या गरमीनं ताडीचा जीवच गेला आणि गोळा होता तसाच बसून राहिला. "पीठ पसरून गार होऊ दे, मग ओत," असं मावशींनी मागाहून सांगितलं. पुढचा पाव त्यांच्या अॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये असा फुगला, की झाकणाच्या काचेला टेकला. तात्यांनी तीन काप खाल्ले.

पुढचे पाच महिने मी आठवड्यातून दोनदा पाव केला. तात्यांच्या गालावर मांस आलं. ते खाली उतरायला लागले. दळण आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. चक्कीवाल्याला दम द्यायचे, "आधी कुणाचा हरभरा दळलास? मग आमचा नको. गव्हावर गहू टाक." चक्कीवाला त्यांना गुरुजी म्हणायला लागला. आणि मी काय करायचे? तात्या डबा घेऊन खाली गेले, की तांदळाच्या डब्यामागून बाटली काढायची, आदल्या दळणाच्या गार पिठात ताडी ओतायची आणि ते जिना चढायच्या आत बाटली धुऊन ठेवायची. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी पीठ मळायला लागायचे. वर आले की मी म्हणायचे, "तात्या, तुम्ही दळण आणता म्हणून पाव इतका छान होतो." ते लाजायचे. असला खोटेपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नाही.

फाल्गुनात दत्तू गव्हाचं पोतं घेऊन आला. तात्या चक्कीवर होते. पोतं टेकवतोय तोच दारात फिलूमावशी, हातात बाटली. दत्तूला तो वास ओळखायला कुणी शिकवायला नको होतं. तो लहानपणी त्याच वासात निजलेला. त्याचा चेहरा उतरला. मग तो हसला, ते हसणं मला अजून दिसतं.

"म्हणूनच तात्या टवटवीत झालेत होय, ताई?"

पावात घालते, एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. पण ते त्यानं तात्यांना सांगितलं असतं तर? जिन्यात चपला वाजत होत्या. मी म्हणाले, "तुला काय करायचंय? तू तोंड बंद ठेव." दत्तूनं तोंड बंद ठेवलं. चहा घेतला, तात्यांच्या पाया पडला आणि दुपारच्या गाडीनं गेला. तो काय समजून गेला, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी गप्प राहिले.

वैशाखात तात्या म्हणाले, "आता मी गावी जातो. तुझ्या आईचं वर्षश्राद्ध करीन आणि तिथंच राहीन. पाव मला शिकव. चुलीवर पातेल्यात भाजीन." आणि वही काढून, चष्मा लावून, शाळेत बसायचे तसे ताठ बसले. "सांग. काय काय?"

"गव्हाचं पीठ."

"पुढं."

"मीठ. गूळ. कोमट पाणी."

"आणि फुगतो कशानं?"

मी पदराला हात पुसत राहिले. सोडा म्हणाले असते तर निभावलं असतं का? गावी पाव झाला नसता, ते पुन्हा जेवायचे थांबले असते, मला पत्र टाकलं असतं. आणि शाळामास्तराच्या वहीत मी आणखी एक खोटं लिहायला लावलं असतं. माझ्याच्यानं झालं नाही. मी सांगितलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. वही मिटली. गॅलरीत जाऊन बसले. तो दिवस आणि दुसरा दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी पाया पडले, रडले, ह्यांनी समजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खाल्ला असता?"

"नसता."

"मग मी काय करायचं होतं, तात्या? तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत मरत होता!"

"मेलो असतो. ते माझं मी बघितलं असतं."

मला इतका राग आला की मी पोळपाट आपटला. म्हटलं, तुमच्या नियमानं एक माणूस गेला, दुसरा मी जाऊ देणार नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. घरात अण्णांचा विषय त्या पाडव्यानंतर पहिल्यांदा निघाला होता. तात्या उठून पाटावर येऊन बसले. मग म्हणाले, "पोळी दे. दुधात भिजवून." त्यानंतर त्यांनी पावाला हात लावला नाही, पण जेवण टाकलंही नाही.

आषाढात वर्षश्राद्धाला आम्ही गावी आलो. पंगत बसली होती, तुमच्यातले बरेचजण होते. दत्तू वाढत होता. तात्यांपुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तात्या, मुंबईला ताडी चालते म्हणं तुम्हाला?"

पंगत थांबली. मी उठून उभी राहिले, तोंडही उघडलं.

"चालते," तात्या म्हणाले. "मीच मागवून घ्यायचो. शालू नको म्हणत होती."

"मग माझ्या बापानं काय घोडं मारलं होतं?" दत्तूनं पातेलं खाली ठेवलं.

"काही नाही मारलं. मी दार अडवायला नको होतं. माझं चुकलं, दत्ता."

दत्तू तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी उभीच होते. पावाचं सांगायला तेव्हाही दोनच शब्द लागले असते. पण तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वर्गात बोलणाऱ्या पोराकडे बघायचे तसं, आणि मी बसले.

दुसऱ्या दिवशी ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "तात्या, असं का केलंत? आयुष्यभराचं नाव घालवलंत." ते म्हणाले, "तुला अजून वर्षानुवर्षं इथं मान वर करून यायचंय. मला आता कुठं जायचंय? आणि दत्तूला सांगायचं होतं ते एरवी माझ्या तोंडून निघालं नसतं."

ते त्यानंतर सहा वर्षं जगले. दत्तूच्याच घरी जेवले. आणि तुम्ही मला दर वर्षी माहेरवाशीण म्हणून बोलावलंत, खणानारळानं ओटी भरलीत, जाताना गव्हाचं पोतं गाडीवर चढवलंत. बोरिवलीत मला आता चाळीस वर्षं होत आली, पोरं तिथलीच झाली, मीही बरीचशी झाले. पण कुणी गाव विचारलं की मी अजून तुमचंच नाव सांगते. ते नाव सांगायची सोय तात्यांनी मला करून ठेवली, आणि पारावर त्यांच्यामागे लोक हसले ते त्यांनी ऐकून घेतलं.

तात्यांनी ताडी मागवली नव्हती. मी घातली होती, त्यांच्या नकळत, पाच महिने. पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा.