कुटुंबप्रमुख अनिवार्य

एक्सएमएल ही कॉम्प्युटरवर माहिती मांडायची भाषा शिकायला लागले तेव्हा मला आवडला तो तिचा खडूसपणा. माहितीच्या आधी एक खूण उघडायची, माहिती संपली की बंद करायची. एक जरी बंद करायची राहिली, तरी अख्खी फाईल तोंडावर परत. ऑफिस सुटलं की अंधेरीहून घाटकोपरला क्लासला जायचे. बरोबरची मुलं कुरकुरायची, हे जुनं झालंय यार, कोण वापरतं आता. अरे, माझ्या ऑफिसात परदेशातली पुस्तकं वेबवर चढवतात ती ह्याच्याच जिवावर, आणि मला त्या कामावर जायचं होतं. मला मशीनचा कधी राग आला नाही. यायचा तो माणसांचाच.

ह्यात नियमांची एक वेगळी फाईल असते, तिला स्कीमा म्हणतात. कुठली माहिती हवीच आणि कुठली नसली तरी चालेल, ते त्यात लिहून ठेवायचं. नियम मोडला की स्क्रीनवर लाल ओळ येते.

क्लासचे सर म्हणाले, खरं काम शोधा, नुसत्या पुस्तकातल्या उदाहरणांनी हात बसत नाही. मुलुंडला आमच्या कोकणातल्या गावाचं मंडळ आहे. त्यांना मुंबईतल्या सगळ्या गावकऱ्यांची सूची वेबसाइटवर टाकायची होती. घर, माणसं, फोन, व्यवसाय. मी म्हटलं, मी करते. मंडळाचे कार्यवाह काका, बँकेतून रिटायर झालेले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि नियम सांगत गेले. प्रत्येक घराला कुटुंबप्रमुख पाहिजेच. आणि तो पुरुषच. नवरा नसेल तर मुलगा, मुलगा नसेल तर दीर. मी भराभर लिहीत गेले. स्कीमा जमतोय ह्याच आनंदात होते, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

चाचणीसाठी पहिलं घर आमचंच भरलं. मी तिसरीत असताना बाप आम्हाला सोडून गेला आणि मानखुर्दला दुसरा संसार थाटून बसला. घटस्फोट नाही, चौकशी नाही, काही नाही. आईने चपात्या लाटून मला वाढवलं. आज तिच्या हाताखाली तीन बायका आहेत आणि दारावर पोळीभाजी केंद्राची पाटी आहे. तर प्रमुख म्हणून मी आईचं नाव टाकलं. लाल ओळ आली.

डोकंच सणकलं माझं. स्कीमा उघडला आणि पुरुष असण्याची अट काढून टाकली. काकांना फोन करून तसं सांगितलं.

"ते आधीसारखं कर," ते म्हणाले. "असं केलं तर उद्या कुठलीही बाई प्रमुख म्हणून बसेल."

"बसू दे की."

"अगं, वडिलांचं नाव घाल ना. कागदोपत्री आहेतच ते."

म्हणे कागदोपत्री. माझ्या दहावीला हा माणूस नव्हता, आईच्या ऑपरेशनला नव्हता, घराचं भाडं थकलं तेव्हा नव्हता. आणि फाईलमध्ये मात्र सगळ्यात वर ह्याला बसवायचा. मी फोन आपटला.

आईने तर कहरच केला. "घाल गं त्याचं नाव. आपलं काय झिजतं? सूचीत आपण दिसलो की बोरिवलीपर्यंतच्या ऑर्डरी येतील." तिला त्या सूचीत यायचंच होतं. गावची माणसं कार्य निघालं की गावच्याच बाईला सांगतात, हे तिला पक्कं ठाऊक. मी तिच्याशी इतकी भांडले की शेजारीण डोकावून गेली.

रविवारी काका घरी आले. पुढच्या रविवारी मंडळाची सभा होती, आणि सभेच्या चपात्या नेहमीप्रमाणे आईकडेच. चहा घेता घेता ते आईला समजावायला लागले. "वहिनी, सिस्टमला लागतं हो. प्रमुख घातल्याशिवाय ती पुढेच जात नाही."

मला राहवलं नाही. "सिस्टमला काही लागत नाही, काका. तो नियम मी लिहिलाय, आणि तुम्ही सांगितलात म्हणून लिहिलाय. सिस्टमच्या नावावर खपवू नका."

"राग नाकावरच असतो हिच्या," ते आईकडे बघून हसले. त्यांच्या हातातला कप काढून घ्यावा असं वाटलं मला.

मग मी हट्टालाच पेटले. लॅपटॉप उघडला, नियम पूर्वीसारखा केला आणि बापाचं नाव टाकलं. लाल ओळ नाही, काही नाही, फाईल गुपचूप पास. त्या फाईलचं वेबपान करायला मी नुकतीच शिकले होते. तेही केलं आणि लॅपटॉप आईसमोर ठेवला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. कुटुंबप्रमुख, बापाचं नाव. पत्ता मानखुर्दचा, कारण पत्ता प्रमुखाचा. त्याखाली पत्नी, त्याखाली मुलगी. व्यवसाय, घरगुती पोळीभाजी केंद्र.

तिथे ती थांबली. "हा धंदा त्याच्या नावाखाली कसा?"

"व्यवसाय कुटुंबाचा असतो ना, वहिनी," काका म्हणाले. "तो प्रमुखाच्याच नावाखाली जातो. सगळ्यांचं तसंच केलंय."

आईने चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, आता हेही गिळणार ही, आणि मी ओरडायच्या तयारीतच होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "सभेला चपात्या किती लागतील?"

"नेहमीच्याच. दीडशे धरा."

"मग मानखुर्दला जाऊन सांगून या. धंदा त्याचा आहे, तर लाटेल तोच."

काका हसले. आई हसली नाही.

"पत्ता आहेच तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि त्यांचा अर्धा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.